खोकल्याचं वैर

त्या साली मृग कोरडा गेला आणि गावोगाव ताप आला. सरकार त्याला फ्लू म्हणत होतं. रिठदला मात्र तो अकोल्याच्या गिरणीतून सुटीवर आलेल्या पोरांनी आणला, आणि त्या पोरांच्या अंगात मुंबईच्या तऱ्हेचे सदरे होते, म्हणून त्याचं नाव पडलं मुंबईचा ताप. नाव काही का असेना, अंगात शिरला की धडधाकट माणूस आडवा होत होता. शाळा बंद पडली, केनवडचा बाजार निम्म्यावर आला, आणि रात्रंदिवस घराघरातून खोकण्याचे आवाज येऊ लागले. म्हातारीकोतारी चारदोन गेलीही. पण म्हातारं माणूस गेलं की लोक तापाला दोष देत नाहीत, वयाला देतात.

गावाबाहेर तुळसाबाई माळणीचा मळा होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यानंतर वांगी, भेंडी, मिरची करून, डोक्यावर पाट्या वाहून तिनं एकुलत्या एका पोराला वाढवलं, त्याचं लग्न केलं आणि सून घरात आणली. बाई तोंडानं फटकळ होती. तिच्या हातून लागलेलं रोप मरत नाही अशी तिची ख्याती होती, आणि ती ख्याती सगळ्यांत जास्त तीच सांगत असे. आपल्याला कळत नाही असं काही जगात आहे, हे तिला कुणी पटवून दिलं नव्हतं.

पोराचं नाव भगवंता. स्वभावानं गरीब, कामाला वाघ. आई म्हणेल ती पूर्व दिशा. त्याला ताप आला तेव्हा सून पंचफुला म्हणाली होती, दोन दिवस निजून राहा. पण विहिरीत पाणी जेमतेम, वर ऊन रणरणतं, आणि वांगी फुलावर आलेली. तुळसाबाई म्हणाली, "वांग्याले काय सांगू, मालकाले ताप हाय म्हून?" भगवंता उठला आणि अंगात ताप घेऊन मोटेवर गेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गावात कुणाला ठाऊक नव्हती. भगवंताच्या उजव्या जांघेत एक गाठ होती. जोर केला की ती लिंबाएवढी वर येई, आडवं पडून दाबली की गुरगुर करत आत जाई. मोटकऱ्याला तर रोजचाच जोर. भरली मोट वर येताना तिच्या दोरावर, नाड्यावर, बसून अंगाचा सगळा भार द्यावा लागतो. तेव्हा तो जुन्या धोतराची घडी गाठीवर ठेवी आणि वरून लंगोट करकचून आवळी. वर्षानुवर्षं त्याचं असंच भागलं होतं. दवाखान्यात दाखवायचं कुणाच्या मनात आलं नाही. पुरुषाच्या असल्या जागेचं दुखणं एकदा चारचौघांत गेलं की जन्माचं टोपणनाव चिकटतं, आणि रिठदच्या लोकांना कामापेक्षा टोपणनावं ठेवायची हौस जास्त.

लंगोट मोटेला पुरला, खोकल्याला पुरला नाही. बैलांच्या उताराच्या वाटेवर, धावेच्या मध्यावर, भगवंताला अशी उबळ आली की तो नाड्यावरून खाली बसला. बैल थांबले, मोट अर्ध्यात लोंबकळत राहिली. खोकून खोकून तो वाकला, आणि त्यातच गाठ बाहेर आली ती मुठीएवढी होऊन. त्यानं झाडाखाली आडवं पडून दाबली. गेली नाही. संध्याकाळपर्यंत दाबत राहिला. गाठ दगडासारखी टणक झाली आणि हात लावला की त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

तुळसाबाईनं मीठ भाजून पुरचुंडीनं शेकलं. ओवा दिला. सकाळी त्याला उलटी झाली, ती हिरवी. पोट तट्ट फुगलेलं, वारा सरायचं बंद. मग मात्र बाई घाबरली. घाबरली की ती कुणाचं ऐकून घेत नसे, म्हणून त्या दिवशी निदान वेळ वाया गेला नाही. तांड्यावरचा सोमला मळ्यात मजुरीला होता. त्यानं बंडीत कडबा पसरला, भगवंताला उचलून घातलं, सासूसुना चढल्या आणि त्यानं बैल वाशिमच्या रस्त्याला लावले.

रस्ता खडीचा. पण भगवंताला धक्क्यांचं एवढं काही वाटत नव्हतं, खोकला आला की मात्र तो किंचाळत होता. प्रत्येक उबळीबरोबर गाठ फुगताना तुळसाबाईला डोळ्यांनी दिसत होती. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि उबळ येताना दिसली की त्याच्या तोंडावर तळवा दाबत होती.

"खोकू नको, बाप्पा. दम धर जरासक."

"मी कायले खोकतो, माय," तो म्हणाला. "खोकलाच मले हालवून राह्यला."

त्या रस्त्यावर तुळसाबाईच्या मनानं एक गोष्ट पक्की धरली. ताप काही नाही, ताप सगळ्यांनाच आला. गाठही काही नाही, ती तर जुनीच. माझ्या पोराचा वैरी कोण असेल तर तो खोकला. आणि खरं सांगायचं तर तोवर तिचं काही चुकलंही नव्हतं.

वाशिमच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खाटा कधीच भरल्या होत्या, व्हरांड्यात चटयांवर माणसं होती, आणि जो तो खोकत होता. नर्सबायांतल्या दोघी स्वतःच तापानं पडलेल्या. उभी होती ती एकटी ललिताबाई, अकोल्याकडची, तोंडाला फडकं बांधलेली, शब्दाला कंजूस. डॉक्टर बिडकर वयानं भगवंताएवढाच असेल. त्याचेही डोळे लाल होते आणि कपाळ घामानं थबथबलेलं होतं. त्यानं गाठ पाहिली, पोटावर बोटं वाजवली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग तो तुळसाबाईला आणि पंचफुलाला बाजूला घेऊन गेला.

"आतडं जांघेच्या भोकातून बाहेर आलंय आणि तिथंच आवळलं गेलंय," तो म्हणाला. "त्याचं रक्त तुटलंय. आज कापून सोडवलं नाही तर ते आतल्या आत सडेल. मग काही करता येणार नाही."

"मंग कापा ना," तुळसाबाई म्हणाली. "पाहून काय राह्यले?"

"छाती पाहतोय, बाई. दोन्ही बाजूंना कफ भरलाय. एरवी आम्ही औषध हुंगवून झोपवतो आणि मग कापतो. या छातीला झोपवलं तर तो उठायचा नाही. मागे असाच एक आला होता, याच तापातला. पोट त्याचं सुधारलं, टाके चांगले धरले, आणि छातीनं नेला."

पंचफुला मटकन खाली बसली. तुळसाबाई उभीच होती. तिनं विचारलं, "नाई कापलं तं?"

"तर नक्की जाईल."

"आन् कापलं तं?"

डॉक्टर म्हणाला, "सांगता येत नाही. मी त्याला न झोपवता कापतो. जांघेत सुया टोचून जागा बधिर करीन. तो जागा राहील. पण चीर उघडी असताना त्यानं खोकायचं नाही. खोकला तर आतडी माझ्या हातात येतील."

"नाई खोकत थो," तुळसाबाई म्हणाली. "मी पाह्यतो कसा खोकते तं."

माणसं कमी होती म्हणूनच तिला आत घेतलं, नाहीतर माळणीला शस्त्रक्रियेच्या खोलीत कोण उभं करतो? ललिताबाईनं तिचे हात साबणानं कोपरापर्यंत घासून घेतले, तोंडाला फडकं बांधलं आणि सांगितलं, डोक्याशी उभ्या राहा, खाली पाहू नका. भगवंताचे हात पट्ट्यांनी बांधले होते. मध्ये पडदा होता. पडद्यापलीकडे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं, पण पोराचा चेहरा दिसत होता, आणि तिला तेवढंच पाहायचं होतं.

"ओढून राह्यले, माय," तो म्हणाला. "दुखत नाई, पन ओढून राह्यले."

"ओढू दे. तू मायाकडे पाह्य."

मग त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. उबळ येत होती. तुळसाबाईनं त्याचे गाल दोन्ही हातांत धरले. "गीय, बाप्पा. गीय त्याले. थुका गीय." त्यानं गिळलं. पुन्हा आली, पुन्हा गिळलं. पडद्यापलीकडे डॉक्टरचा हात थांबलेला होता. भगवंताचा चेहरा जांभळा झाला, डोळे पांढरे होऊ लागले, पण खोकला त्यानं बाहेर पडू दिला नाही. आईनं सांगितलं होतं ना. लहानपणी तिनं बांधावर बसवून ठेवलं तर ऊन डोक्यावर आलं तरी तो हलत नसे, तसाच तो पडून राहिला.

आतडं काळंनिळं पडलं होतं. डॉक्टरनं आवळलेली जागा सोडवली, गरम पाण्याची फडकी आतड्यावर ठेवली आणि वाट पाहिली.  मग ललिताबाईच्या तोंडून "आला रंग" एवढं निघालं. आतडं तांबूस होत होतं, कापून टाकायची गरज नव्हती. डॉक्टरनं ते आत ढकललं आणि टाके घातले. शेवटची गाठ मारून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

तुळसाबाई बाहेर आली ती मैदान मारून आल्यासारखी. "म्या खोकू देल्लाच नाई त्याले," ती सोमलाला म्हणाली, मग पंचफुलाला म्हणाली, मग व्हरांड्यातल्या ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही म्हणाली. तिचा आनंद कुणी हिरावून घ्यावा असं कुणाला वाटलं नाही. बिचारी जिंकली होती.

आणि मग डॉक्टर आला आणि त्यानं उलटंच सांगितलं.

"आता त्याला खोकायला लावायचं," तो म्हणाला. "उशीला टेकवून बसवा. निजू देऊ नका फार. टाक्यांवर असा तळवा दाबून धरायचा आणि सांगायचं, खोक. छातीत आहे ते सगळं बाहेर पडलं पाहिजे. पोटाचं काम झालं, आता सगळी मदार छातीवर आहे." पंचफुलाचा हात धरून त्यानं तो टाक्यांवर कसा ठेवायचा ते दाखवलं. सुई टोचायला तो सकाळसंध्याकाळ येणार होता. पण बोलता बोलता त्यालाच हुडहुडी भरली आणि ललिताबाईनं त्याला धरून त्याच्या खोलीकडे नेलं.

तुळसाबाईनं ते पाहिलं आणि तिची खात्री पटली. तापात माणूस बरळतो. तिचा शेजारी नव्हता का बरळत, म्हशीला दिवाणसाहेब म्हणून? या डॉक्टरला ताप चढलाय. मघाशी शुद्धीत होता तेव्हा म्हणाला खोकू नको, आता म्हणतो खोक. ज्या खोकल्यानं आतडं बाहेर काढलं, तोच खोकला ताज्या टाक्यांवर सोडायचा? शेणानं लिंपलेली भिंत वाळायच्या आधी कुणी तिला लाथ मारतं का?

पंचफुलाला मात्र डॉक्टरचा शब्द देवाचा. तिनं नवऱ्याला उठवून बसवलं, तळवा दाबला आणि म्हणाली, "खोका." त्यानं खोकून पाहिलं आणि ओरडला. डोळ्यांतून पाणी आलं. थोडा कफ पडला, गंजासारख्या रंगाचा. तिनं तोंड पुसलं, पाणी दिलं आणि पुन्हा म्हणाली, "खोका." असं ती दिवसभर करत राहिली, रात्रीही करत राहिली. त्याला डोळा लागला की उठवत होती.

"तुले दया हाय का नाई?" तुळसाबाई तिच्यावर खेकसली. "टाके उसवले तं? पुन्ना बाहेर आलं तं कोनाच्या दारी जाशील?"

"डाक्टरनं सांगतलं, आत्याबाई."

"डाक्टर तापात हाय. त्याले सोताची शुद नाई."

"ललिताबाईबी तेच म्हनते."

"ललिताबाईनं जनला का त्याले?"

पंचफुला उत्तर देत नसे. उत्तर न देणारी सून सासूला भांडखोर सुनेपेक्षा जास्त टोचते. ती नुसती नवऱ्याच्या कुशीला हात लावून बसून राही आणि पुन्हा खोकायला लावी. आणि भगवंता आईकडे पाही. लहान पोर दुसऱ्याच्या हातात रडताना आईकडे पाहतं, तसं पाही. तुळसाबाईचं काळीज तुटत होतं, यात खोटं काही नाही. तिला सुनेचा राग होता तो या मायेपोटीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचफुला बसल्या जागी डुलक्या घेऊ लागली. तुळसाबाई मऊ आवाजात म्हणाली, "जा, मागं लिंबाखाली जरासक पाठ टेकव. मी हाय ना. मी खोकवतो त्याले." पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं. सासूनं एवढं मऊ बोललेलं तिनं ऐकलं नव्हतं, आणि दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. ती गेली, जमिनीवर पडली आणि मेल्यासारखी झोपली.

"माय," भगवंता म्हणाला, "छाती फुटते वो. थे मले झोपू देत नाई."

तुळसाबाईच्या कमरेला चंची होती. पान, सुपारी, चुना, आणि सगळ्यांत आतल्या कप्प्यात कागदाच्या पुडीत अफू. हल्ली ती गुडघ्यांसाठी घेत असे. भगवंता तान्हा होता तेव्हा त्याला बाभळीला बांधलेल्या झोळीत टाकून ती वाफ्यांना पाणी देई, आणि मोहरीएवढी अफू दुधात उगाळून चाटवी, की दिवसभर पोर हूं की चूं करत नसे. त्या काळी राबणारी कुठली बाई देत नव्हती? खोकल्यावरही तिच्यासारखं औषध नाही. एक गोळी गेली की खोकला बंद, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि ते खरंही होतं. तेच तर वाईट झालं.

आता पोर तान्हा नव्हता. तिनं तुरीच्या दाण्याएवढी गोळी केली. "आ कर," ती म्हणाली. त्यानं आ केला. काय देतेस म्हणून विचारलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं पुन्हा उबळ आली, तेव्हा तिनं आणखी अर्धी दिली.

मग खोकला थांबला. भगवंताचा चेहरा सैल पडला, कपाळावरच्या आठ्या गेल्या. किती दिवसांनी तो शांत निजला होता. तुळसाबाईनं त्याला उशीवरून खाली सरकवलं, नीट आडवं केलं, पांघरूण घातलं, आणि त्याच्या केसांतून हात फिरवत बसली. त्या दुपारी तिच्याइतकं सुखी माणूस त्या दवाखान्यात दुसरं नव्हतं.

उन्हं कलल्यावर पंचफुला दचकून उठली आणि धावत आत आली. नवरा आडवा झोपलेला. तिनं हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. तो उठेना. श्वास इतका सावकाश की दोन श्वासांच्या मध्ये वाटावं, झालं, आणि मग घशात घरघर होऊन पुढचा येई. ओठ निळे पडले होते. तिची किंकाळी ऐकून ललिताबाई आली, आणि ललिताबाईनं डॉक्टरला उठवून आणलं. तो घोंगडी पांघरून, भिंत धरत आला. त्यानं भगवंताची पापणी उचलली. बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली होती.

"काय दिलं याला?" डॉक्टरनं विचारलं.

पंचफुलाची नजर सासूच्या कमरेकडे गेली. ती त्या घरात चार वर्षं नांदली होती, चंचीच्या कुठल्या कप्प्यात काय असतं ते तिला माहीत होतं.

"अफू देल्ली," तुळसाबाई म्हणाली. "जरासकच."

"मी सांगितलं होतं ना, या छातीला झोपवायचं नाही म्हणून?"

"तुमी तुमच्या औशदाचं सांगतलं होतं. हे तं लेकरायले देतेत."

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त एवढंच समजावलं, अगदी हळू आवाजात, की खोकला हा त्याचा वैरी नव्हता, बाई. छातीत जे साचतंय ते बाहेर काढणारा तो एकटाच गडी होता, आणि त्यालाच तुम्ही बांधून ठेवलं.

तुळसाबाईला ते पहिल्या झटक्यात कळलं. मळ्याची मालकीण ती, पाण्याच्या तुंबलेल्या चारीचं काय होतं हे तिला कुणी शिकवायला नको होतं.  ती खाली बसली आणि तिनं आपल्याच थोबाडीत मारून घेतल्या, तोवर ललिताबाईनं तिचे हात धरले. "ते मग करा," ललिताबाई म्हणाली. "आधी त्याला उठवा."

रात्रभर सगळ्यांनी त्याला झोपू दिलं नाही. बसवलं, पाठ थोपटली, गार पाण्याचे हबके मारले, कोरा काळा चहा चमच्यानं पाजला, दंडाला चिमटे घेतले. श्वास थांबतोय असं वाटलं की तुळसाबाई त्याच्या गालावर चापट मारत होती, ज्या पोरावर तिनं जन्मात हात उचलला नव्हता त्याच्या. सोमला त्याला पाठीमागून धरून बसला होता. उजाडता उजाडता भगवंतानं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पंचफुला रडली. तुळसाबाईला वाटलं, देवानं एकदा माफ केलं.

पण छाती भरून गेली होती. डॉक्टरनं नळी लावली, सुई दिली, आणि पंचफुलाला म्हणाला, "आता फक्त खोकणं. दुसरं माझ्याजवळ काही नाही."

मग त्या दोघी त्याच्या मागे लागल्या, सासू एकीकडून, सून दुसरीकडून. पंचफुलाचा तळवा टाक्यांवर, तुळसाबाईचा हात पाठीवर, आणि मागून सोमलाचा आधार. "खोक, बाप्पा. खोक ना रे राजा." आदल्या दिवशी ज्या तोंडानं ती सुनेला दयामाया नाही म्हणत होती, त्याच तोंडानं आता ती ओरडत होती. तो खोके. वेदनेनं वाकडा होई. जरासा कफ येई, आणि त्याच्या दुप्पट आत घरघरत राही. तो म्हणाला, "माय, कालची गोयी दे ना एक. बम बरं वाटलं होतं." तुळसाबाईनं मान फिरवली. पंचफुलानं नुसतं म्हटलं, "खोका."

ऊन व्हरांड्यात उतरलं. पलीकडच्या खाटेवरचा माणूस बरा होऊन घरी जायला निघाला होता, त्याची बायको बोचकं बांधत होती. भगवंताचा खोकला आता खोकल्यासारखा राहिला नव्हता. नुसता गळा हलत होता, आतून जोर येत नव्हता. नखं काळी पडली होती. तुळसाबाईनं त्याच्या नाकाकडे पाहिलं. नाक बसलं होतं. नवरा गेला तेव्हा तिनं असंच नाक पाहिलं होतं, आणि आपला सासरा गेला तेव्हाही. तिला डॉक्टरनं सांगायची गरज नव्हती.

भगवंतानं मान तिच्याकडे वळवली. "माय," तो म्हणाला, "हिले सांग ना पुरे म्हून. तू सांगतलं तं ऐकन थे."

तुळसाबाईनं सुनेच्या हातावर हात ठेवला. "पंचफुले," ती म्हणाली, "राहू दे आता. लय झालं त्याचं."

पंचफुलानं मान वर केली नाही, तळवाही उचलला नाही.

"तुमी त्याईले एकदा झोपवलं, आत्याबाई," ती म्हणाली. "आता म्या नाई झोपू देत."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरोखर त्याला वाचवत होती.  कालपर्यंत तिचा शब्द या घरात शेवटचा होता. आज तिला खरंच ठाऊक होतं की पोराचे थोडेच श्वास राहिलेत आणि ते त्याला सुखानं घेऊ द्यावेत, आणि तेच तिला पुन्हा म्हणता येत नव्हतं. म्हटलं तर सून काय ऐकणार होती? तिचं तिलाच ते खरं वाटेना. कालही आपल्याला असंच वाटलं होतं की.

तिनं हात मागे घेतला. भगवंता अजून तिच्याचकडे पाहत होता. आई आता सांगेल, याची वाट पाहत होता.

"खोक, बाप्पा," तुळसाबाई म्हणाली.

त्यानं आईचं ऐकलं. मान पुढे केली, गळ्याच्या शिरा ताठ केल्या, आणि जोर केला. काही आलं नाही. त्यानं पुन्हा जोर केला. तिसऱ्यांदा मान पुढे आली ती सोमलाच्या हातावर तशीच कलंडली, आणि डोळे आईवरून हलले नाहीत.

पंचफुलाला ते दिसलं नाही. तिचं सगळं लक्ष टाक्यांवर होतं. "खोका ना," ती म्हणत होती, "आनखीन एकडाव खोका." सोमलानं तुळसाबाईकडे पाहिलं. तुळसाबाईला कळलं होतं. पण पुरे म्हणायची तिची हिंमत झाली नाही.